जुन्या राउटरला नवे फर्मवेअर : भीती सोडा, क्रम सोडू नका

आज आपल्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीतही भिंतीला खिळा ठोकून एक डबा लटकलेला दिसतो. त्याला दोन नाहीतर चार शिंगे असतात, पुढे हिरवे दिवे लुकलुकतात आणि घरातील सारी माणसे त्याला ‘वायफाय’ म्हणतात. २०२० साली टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या, मुलांचे वर्ग मोबाईलवर आले. तेव्हा अनेक कष्टकरी कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन हा डबा घरी आणला. तो आला तो कायमचाच आला. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, पोलीस भरतीचे प्रवेशपत्र काढायचे, गावाकडे आईला पैसे पाठवायचे, हे सगळे त्याच्याच भरवशावर चालते. आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेलाच तो नेमका रुसून बसतो.

मग नेटवाला येतो, डब्याकडे एकदा बघतो आणि सांगतो, “जुना झाला, नवीन घ्या.” हजार-दीड हजार रुपये जातात. ज्या घरात दोन दिवसांची मजुरी बुडाली तर महिन्याचा हिशेब कोलमडतो, त्या घराला ही रक्कम लहान नाही. आमचे म्हणणे असे की, डबा दर वेळी मेलेला नसतो. पुष्कळदा त्याचे यंत्र धडधाकट असते आणि त्याच्या आतला कारभार तेवढा जुना झालेला असतो. तो कारभार बदलता येतो, आणि बदलण्याचे साहित्य फुकट मिळते. मात्र ते काम सावधपणे, क्रमाने करावे लागते. तो क्रम आमच्या वाचकांना, विशेषतः आमच्या भगिनींना आणि शिकणाऱ्या मुला-मुलींना नीट कळावा, म्हणून हा लेख.

डब्याच्या आत काय आहे?

राउटर म्हणजे एक छोटा संगणकच होय. त्याला प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि कायमचे लिहून ठेवण्यासाठी ‘फ्लॅश’ नावाची चिप आहे. त्या चिपवर लिहिलेला जो मजकूर डब्याला काय करायचे ते सांगतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. कंपनी डबा विकते तेव्हा त्यात आपले फर्मवेअर घालून देते. पुढे दोन-तीन वर्षे त्यातील चुका सुधारते आणि मग नवीन मॉडेल बाजारात आणून जुन्याकडे पाठ फिरवते. चुका मात्र डब्यात तशाच राहतात.

त्या चुका म्हणजे काय, हे एकदा समजून घ्या. २०१७ साली बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठाचे संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी दाखवून दिले की, ज्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीने जगभरचे वायफाय कुलूपबंद होते, त्या पद्धतीच्या रचनेतच एक भगदाड आहे. ते बुजवायचे तर प्रत्येक उपकरणाला सुधारणा मिळायला हवी होती. असंख्य जुन्या उपकरणांना ती कधीच मिळाली नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, ‘मिराई’ नावाचा किडा कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांत आणि राउटरमध्ये शिरला होता, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा गुलाम यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. २०१८ साली ‘व्हीपीएनफिल्टर’ उघडकीला आला. त्याने ५४ देशांत किमान ५ लाख उपकरणांना घेरले होते, आणि त्यांत बहुतेक घरातले, लहान कचेऱ्यांतले राउटरच होते. “आमच्या घरात चोराला काय मिळणार?” असे म्हणणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, चोराला तुमचे घर लुटायचे नसते. त्याला तुमच्या खिडकीतून दुसऱ्यावर दगड मारायचा असतो.

हा कारभार आपल्या हातात आला कसा?

यामागे एक इतिहास आहे आणि तो आपल्या लोकांना आवडेल असा आहे. २००२ च्या अखेरीस लिंकसिस या कंपनीने ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. २००३ साली अँड्र्यू मिक्लास या तंत्रज्ञाने जाहीरपणे दाखवून दिले की, त्या डब्याच्या आत लिनक्स आहे. लिनक्स हा लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला, जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेला कारभार. तो ‘जीपीएल’ या परवान्याखाली दिलेला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली लिहिलेल्या या परवान्याची अट साधी आहे : हा माल कोणीही वापरा, बदला, विका. पण ज्याला द्याल त्याला त्याचा मूळ मजकूरही द्या आणि हेच सारे हक्क द्या. कंपनीने लिनक्स घेतला होता, मूळ मजकूर मात्र दिला नव्हता. लोकांनी मागणी लावून धरली, दबाव वाढला आणि कंपनीला तो मजकूर खुला करावा लागला. त्यातूनच २००४ साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. पुढे डीडी-डब्ल्यूआरटी, टोमॅटो अशी भावंडे आली. आज ओपनडब्ल्यूआरटी शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतो.

आमच्या जुन्या वाचकांना मुंबईच्या गिरण्या आठवत असतील. तेथे आमच्या आजे-पणज्यांना साळखात्यात उभे राहू दिले जात नसे. कांडी बदलताना धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा इतर कामगारांना चालत नसे. साळखात्यात मजुरी अधिक होती, कसब शिकायला मिळत होते, आणि दार तेथेच बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. हे येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या कसबात पैसा आणि मान असतो त्याचे दार आपल्यासाठी बहुधा कोणीतरी अडवून धरलेले असते. या परवान्याचे दार मात्र उघडे आहे. मजकूर समोर आहे, आत येणाऱ्याला कोणी आडनाव विचारीत नाही. आपल्या मुलांनी आत पाऊल टाकायचे तेवढे राहिले आहे.

नाव तेच, आतला डबा निराळा

पहिला नियम : केबलवाल्याने किंवा नेट कंपनीने बसवून दिलेल्या फायबरच्या डब्याला हात लावू नका. तो बहुधा त्यांच्याच मालकीचा असतो आणि त्यांच्या कुलपात असतो. आपण बोलतो आहोत ते त्याच्यापुढे जोडलेल्या, आपल्या पैशाने घेतलेल्या राउटरबद्दल. तोही हमीच्या मुदतीत असेल तर थांबा. फर्मवेअर बदलल्यावर कंपनी हमी नाकारू शकते.

दुसरा नियम : डबा उलटा करा आणि खालची चिठ्ठी वाचा. पुढे लिहिलेले नाव पुरेसे नाही. नावाच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘व्हर्जन’ असते आणि सगळी मेख तेथेच आहे. आपल्याकडे फार खपलेला टीपी-लिंकचा ‘डब्ल्यूआर ८४१ एन’ घ्या. त्याच्या आठव्या व्हर्जनमध्ये एका कंपनीची चिप, ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी मेमरी. तेराव्या व्हर्जनमध्ये दुसऱ्याच कंपनीची चिप, ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी मेमरी. आता पुढचे, चौदावे व्हर्जन आणखी चांगले असेल असे कोणालाही वाटेल. पण नाही! त्यात परत ४ आणि ३२! बाहेरचे प्लास्टिक जवळपास सारखेच. एकाचे फर्मवेअर दुसऱ्यात घातले की डब्याची वीट होते. या धंद्यातली मंडळी निकामी झालेल्या राउटरला खरोखरच ‘वीट’ म्हणतात.

ही कंपन्यांची जुनीच खोड आहे. त्या पहिल्या डब्ल्यूआरटी ५४ जी चेही असेच झाले. २००५ साली त्याच्या पाचव्या व्हर्जनमध्ये फ्लॅश निम्मी करून ती २ एमबीवर आणली आणि आतून लिनक्स काढून टाकला. लिनक्स हवा असणाऱ्यांसाठी ‘जीएल’ नावाचा वेगळा डबा काढला. नावातला एक अक्षराचा फरक, पण आत सगळे निराळे.

ओपनडब्ल्यूआरटीच्या अधिकृत संकेतस्थळावर उपकरणांची यादी आहे. तीत आपले मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही जुळले तरच पुढे जा. २०२१ साली आलेल्या २१.०२ या आवृत्तीपासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी मेमरी लागते. सुखाने चालायला १६ आणि १२८ असलेली बरी. आपला डबा ४ आणि ३२ चा असेल तर त्याच्यासाठी काय करायचे ते शेवटी सांगतो.

आधीची तयारी

हे काम मोबाईलवरून करण्याच्या भानगडीत पडू नका. लॅनची पिन असलेला संगणक लागतो. घरी नसेल तर विहाराच्या अभ्यासिकेत असेल, नात्यातल्या कोणा विद्यार्थ्याकडे असेल. एका संध्याकाळपुरता मागून घ्या. आणि वायफायवरून फर्मवेअर कधीही चढवू नका, पिवळी-निळी जी असेल ती केबल लावा.

डब्यातील जुनी माहिती वहीत उतरवून घ्या. आपल्याकडे अनेक ठिकाणी नेटवाला ‘पीपीपीओई’ नावाच्या पद्धतीने जोडणी देतो. त्याचे वापरनाव आणि पासवर्ड त्याने स्वतःच राउटरमध्ये टाकलेले असतात आणि घरात ते कोणालाच ठाऊक नसतात. फर्मवेअर बदलले की ते पुसले जातात. मग रात्री दहाला त्याला फोन लावायचा आणि तो उचलत नाही! म्हणून आधीच मागून घ्या. काही नेटवाले राउटरचा ‘मॅक’ क्रमांकही आपल्याकडे नोंदवून ठेवतात. चिठ्ठीवर तो छापलेला असतो, तोही लिहून घ्या.

विजेचे काय? चिपवर लेखन चालू असते ती दोन-चार मिनिटे वीज जाता कामा नये. ज्या भागात वीज ये-जा करते तेथे हे काम इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणी करावे. पंखा, मिक्सर, इस्त्री असलेल्या एकाच ढिल्या बोर्डावर राउटरची पिन खोचून हे काम करू नये. घरातल्या लहानग्यांना त्या वेळी दूर ठेवा.

आता फाइल. एकाच उपकरणासाठी दोन फाइली दिसतात. ‘फॅक्टरी’ नावाची फाइल कंपनीच्या फर्मवेअरवरून ओपनडब्ल्यूआरटीवर येण्यासाठी, आणि ‘सिसअपग्रेड’ नावाची फाइल ओपनडब्ल्यूआरटी आधीच असेल तेव्हा पुढची आवृत्ती चढवण्यासाठी. यांची अदलाबदल करू नका. ‘स्नॅपशॉट’ असे लिहिलेली फाइलही घेऊ नका. ती कारागिरांच्या रोजच्या कच्च्या कामाची प्रत असते, आणि तिच्यात आपल्याला लागणारे ‘लुसी’ नावाचे चित्रमय पान मुळात नसते. तो काळा पडदा पाहून भल्याभल्यांनी डबा बिघडला असे समजून घेतले आहे.

उतरवून घेतलेली फाइल पूर्ण आली का, हे तपासण्याची सोय आहे. प्रत्येक फाइलचा ‘शा-२५६’ नावाचा लांबलचक ठसा संकेतस्थळावर दिलेला असतो. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा बदलतो. आपल्या फाइलचा ठसा काढून त्याच्याशी ताडून पाहा. पुढे आवृत्ती बदलताना तर ओपनडब्ल्यूआरटीचे पान स्वतःच तो ठसा दाखवते आणि पुढे जाऊ का असे विचारते. बहुतेक जण न वाचता ‘हो’ दाबतात. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, तपासून घ्या. आम्हाला वाटते, हा ठसा ताडण्याचा अर्धा मिनिट त्याच वृत्तीचा आहे.

ऐकीव गोष्टींचा विषय निघालाच म्हणून सांगतो. या क्षेत्रात ‘तीस-तीस-तीस’ नावाचा एक मंत्र फिरतो : रिसेटचे बटण तीस सेकंद दाबा, मग दाबून ठेवूनच तीस सेकंद वीज काढा, मग वीज देऊन पुन्हा तीस सेकंद. जुन्या काळच्या डीडी-डब्ल्यूआरटीच्या डब्यांसाठी तो होता. नव्या अनेक राउटरवर त्याचा उपयोग नाही, काहींवर उलट घोटाळा होतो. तरी आजही कोणीतरी तो छातीठोकपणे सांगतोच.

‘मेला’ म्हणण्यापूर्वी

फाइल चढवली, दिवे लुकलुकले, डबा पुन्हा सुरू झाला. आणि मोबाईलवर वायफायचे नावच दिसत नाही! येथे नव्वद टक्के घरांत रडारड सुरू होईल. घाबरू नका. ओपनडब्ल्यूआरटी नव्याने बसवल्यावर बहुतेक राउटरवर वायफाय मुद्दामच बंद ठेवलेले असते, कारण पासवर्ड नसलेले वायफाय उघडे सोडणे हा गुन्हाच म्हणायचा. केबल लावा, संगणकाच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. वापरनाव ‘रूट’, पासवर्ड कोराच. आत शिरताच पहिले काम पासवर्ड ठेवण्याचे. मग वायफाय चालू करा, देश म्हणून भारत निवडा, नाव आणि पासवर्ड द्या. येथे एक सूचना. नवेपणाच्या हौसेने फक्त ‘डब्ल्यूपीए-३’ निवडू नका. घरात आजीकडे, मामाकडे जुने मोबाईल असतात. त्यांना ते कळत नाही. ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा दोन्हींचे मिश्रण ठेवा.

आता सर्वांत फसवा बिघाड. वायफाय पूर्ण दिसते, जोडलेही जाते, पण नेट नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही हे पाहिले. कोणीतरी दान दिलेला जुना राउटर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या दोन मुलींनी चालू करायला घेतला. फर्मवेअर व्यवस्थित चढले. नेट मात्र तीन दिवस आले नाही. नेटवाला म्हणाला, “तुमच्या मशीनमध्ये खोट आहे.” समितीतील वडीलधारे म्हणाले, “पोरींनी कशाला हात लावला?” चौथ्या दिवशी त्यांतील एकीने फायबरच्या डब्याची चिठ्ठी वाचली. त्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ आणि यांच्या राउटरचाही तोच! एकाच चाळीत दोन खोल्यांना एकच नंबर दिला तर पोस्टमनने काय करायचे? तिने राउटरच्या ‘नेटवर्क’ विभागात जाऊन ‘लॅन’चा पत्ता १९२.१६८.५.१ केला आणि पाच मिनिटांत नेट सुरू झाले. वडीलधाऱ्यांनी मग चहा मागवला, हेही नोंदवायला हवे.

हा पत्ता बदलताना आणखी एक गंमत होते. आपण बदल करतो आणि थोड्या वेळाने जुनाच पत्ता परत आलेला असतो. राउटरला वाटते की माणसाने चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतले, म्हणून ठरावीक वेळात आपण नव्या पत्त्यावर पोहोचलो नाही तर तो बदल मागे घेतो. म्हणून बदल केल्याबरोबर केबल काढून पुन्हा लावावी आणि लगेच नवा पत्ता उघडावा.

नेट न येण्याचे दुसरे कारण पीपीपीओईचे वापरनाव किंवा पासवर्ड चुकीचा असणे. तिसरे, मॅक क्रमांक जुळत नसणे. वहीत लिहून ठेवले असेल तर दोन्ही मिनिटांचे काम.

आता समजा, चुकीची सेटिंग होऊन डब्यात शिरताच येत नाही. चालू डब्याचे रिसेट बटण दहा सेकंद दाबून धरा. तो कोरा होतो. मात्र कंपनीचे जुने फर्मवेअर परत येत नाही. कोरे ओपनडब्ल्यूआरटी येते, म्हणजे वायफाय पुन्हा बंद! तेही जमले नाही तर ‘फेलसेफ’ नावाची मागची खिडकी आहे. वीज देऊन दिवा लुकलुकू लागला की त्याच क्षणी बटण दाबायचे. दिवा आणखी भराभर लुकलुकला की खिडकी उघडली. या अवस्थेत राउटर संगणकाला पत्ता देत नाही. संगणकाला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा लागतो.

आणि खरोखरच वीट झाली तर? तरीही अनेक राउटरच्या तळाशी ‘बूटलोडर’ नावाचा एक छोटा राखणदार जिवंत असतो. टीपी-लिंकच्या पुष्कळ मॉडेलमध्ये रिसेट दाबून वीज दिली की तो राखणदार ठरलेल्या पत्त्यावरच्या संगणकाकडे ठरलेल्या नावाची फाइल मागतो. काही मॉडेलसाठी संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.६६ लागतो, काहींसाठी १९२.१६८.०.२२५. या पद्धतीला ‘टीएफटीपी’ म्हणतात. नेमका पत्ता आणि फाइलचे नाव आपल्या मॉडेलच्या अधिकृत पानावरूनच घ्यावे. त्या वेळेपुरती संगणकाची फायरवॉल बंद ठेवावी लागते. हे धीराचे काम आहे. पाच-सहा वेळा फसते आणि सातव्यांदा साधते.

आणि हे सगळे करण्यापूर्वी एकदा अडॅप्टरकडे बघा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. दर दोन तासांनी बंद पडून चालू होणाऱ्या राउटरचे दुखणे बरेचदा फर्मवेअरमध्ये नसते, थकलेल्या अडॅप्टरमध्ये असते. बदलताना मात्र व्होल्ट जुळवून घ्या. काही राउटर ५ व्होल्टवर चालतात, काही ९ वर, काही १२ वर, आणि पिन सगळ्यांना सारखीच बसते! ९ व्होल्टच्या डब्याला १२ चा अडॅप्टर लावाल तर तो जळू शकतो, मग कोणतेही फर्मवेअर त्याला उठवणार नाही. तसेच पत्र्याच्या छताला चिकटून, टीव्हीच्या मागे कोंबून राउटर ठेवू नका. तो तापतो आणि पत्रा लहरी अडवतो. वस्तीत शेजारी-शेजारी तीस-चाळीस वायफाय असतात. तेथे २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत रिकामा चॅनल घ्यावा आणि रुंदी २० ठेवावी. डब्याला ५ गिगाहर्ट्झ असेल तर एका खोलीपुरते तेच वापरावे. ते भिंतीपलीकडे कमी जाते, पण तेथे गर्दीही कमी असते.

पुढची आवृत्ती आली तर

एकदा बसवले आणि विसरलो, असे करून चालणार नाही. सुधारणा येत राहतात. प्रत्येक वेळी आधी ‘बॅकअप’ घेऊन ती फाइल संगणकात ठेवावी. एकाच मालिकेतील लहान सुधारणा असेल तर सेटिंग राखून पुढे जाता येते. मोठ्या आवृत्त्या मात्र एकेक पायरी चढाव्यात. मधली पायरी गाळून उडी मारायची तर सेटिंग पुसून, सारे नव्याने भरावे. १९.०७ वरून २१.०२ वर जाताना अनेक राउटरच्या आतील पिनांची मांडणीच बदलली. तेथे जुन्या सेटिंग राखण्याचा हट्ट करणाऱ्यांचे हाल झाले. आपण वरून काही जादा कार्यक्रम बसवले असतील तर तेही साध्या पद्धतीने आवृत्ती चढवताना उडून जातात. त्यांची यादी वहीत हवी.

बहुतेक घरांत या डब्याचा पासवर्ड एकट्या मुलाला ठाऊक असतो आणि तो कामावर गेला की सारे घर अडते. हे बरे नव्हे. ती वही घरातल्या बाईच्या ताब्यात असावी. रेशनकार्ड आणि गॅसचे पुस्तक कोठे आहे हे जिला ठाऊक असते, तिलाच हेही ठाऊक असू द्या. अभ्यासिकेत एखाद्या रविवारी वंदनेनंतर दोन तास काढून वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुला-मुलींना हे काम समोर करून दाखवता येईल. त्यासाठी भंगारातला एखादा राउटर पुरतो. वीट झाली तरी कोणाचे नुकसान नाही.

राहता राहिले ते ४ आणि ३२ चे डबे. त्यांच्यासाठीची शेवटची मालिका १९.०७, आणि तिच्या सुधारणा २०२२ साली थांबल्या. असा डबा नेटच्या दारावर राखणदार म्हणून ठेवू नका. त्याचे वायफाय बंद करा. पत्ते वाटण्याची ‘डीएचसीपी’ सोय बंद करा. त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा. मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ पिनेत न लावता उरलेल्या चार पिनांपैकी एकीत लावा. राहिलेल्या तीन पिनांवर अभ्यासिकेतले तीन संगणक चालतील.